तिसऱ्या खेपेची टिटवी

लग्नाला किती माणसं बोलवायची, एवढाच साधा प्रश्न होता. होणाऱ्या व्याह्यांनी तो विचारला आणि किल्लीकाकांनी ताडकन उत्तर दिलं, "एकशे पंच्याहत्तर!"

दोन्ही घरांची मिळून चाळीसच्या वर एक माणूस जाता कामा नये, असं मुलांनी आधीच बजावून ठेवलं होतं. होणारा जावई चहाच्या कपात बघायला लागला. लेकीने डोळे वटारले. काकूंनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला, तो नेमका व्याह्यांच्या पायावर पडला. व्याही जन्मभर पोस्टात नोकरी केलेले, सोशीक गृहस्थ. ते नुसतेच "असू द्या, असू द्या," म्हणाले.

खरं तर किल्लीकाका लग्नाबद्दल बोलतच नव्हते. ते ग्रॅमबद्दल बोलत होते. समोर गॅलरी होती, गॅलरीत जाड पानांच्या झाडाची एक कुंडी होती आणि कुंडीखाली बशीसारखं काहीतरी ठेवलेलं होतं. त्या बशीची बोटभर तांबडी कड गेली वीस मिनिटं काकांना खुणावत होती. ती बशी नव्हती. ती टिटवी होती, आणि त्या तांबड्या रंगाच्या टिटव्या एकशे पंच्याहत्तर ग्रॅमच्याच निघायच्या, हे काकांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

आता टिटवी म्हणजे काय, ते सांगायला हवं. तळ्याकाठच्या बागेत अठरा लोखंडी टोपल्या उभ्या आहेत, प्रत्येकीवर साखळ्या लोंबताहेत. लांबून प्लास्टिकची चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. चुकली की झुडपात शोधत फिरायचं. असा हा खेळ. जगात त्याच्या चकत्या शेकडो प्रकारच्या मिळतात, पण ह्या गावाची लाडकी एकच, टिटवी. नदीपलीकडे एक प्लास्टिकचा कारखाना होता. बादल्या आणि टमरेलं काढता काढता त्याने आठ-नऊ वर्षं ही चकती काढली आणि मग तो बंद पडला. राहिल्या त्या टिटव्या राहिल्या.

किल्लीकाका म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चौतीस वर्षं कुलुपं दुरुस्त करणारे आणि किल्ल्या बनवून देणारे. कुठल्या किल्लीला कुठला ओरखडा आहे, तो साच्यातून आलाय की हाताने पडलाय, हे ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. तीच नजर त्यांनी टिटवीवर लावली. चकतीच्या पोटावर मधोमध, जिथून तापलेलं प्लास्टिक साच्यात शिरतं, तिथे एक छोटा उंचवटा असतो. काका त्याला बेंबी म्हणत. बेंबी वर आलेली असेल तर पहिली खेप. पात्याने तासलेली असेल तर दुसरी. कडेच्या आतल्या बाजूला केसाएवढी रेघ असेल तर साचा दुखावल्यानंतरची चौथी. प्लास्टिक नखाने दबत असेल तर पाचवी. आणि ह्या सगळ्यांत दुर्मीळ ती तिसरी खेप. पाठ अगदी सपाट, पोलादी पट्टी आडवी ठेवली तर खालून उजेडाची तिरीपसुद्धा दिसायची नाही. बाकीच्यांच्या पाठीला थोडा फुगवटा असे. तिसरीला नाही.

हे सगळं त्यांनी बावीस वर्षं खपून एका तक्त्यात मांडलं होतं आणि तो तक्ता दुकानात, जिथे बाकीचे लोक देवाची किंवा वडिलांची तसबीर लावतील तिथे, काच घालून लावला होता. क्लबातली मंडळी चकती घेऊन यायची. "काका, ही कितवी?" काका डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "चौथी. उन्हात ठेवत जाऊ नका." त्यांच्या शब्दावर अपील नव्हतं.

तक्त्यात एकच जागा जरा अवघड होती. तिसऱ्या खेपेच्या टिटव्या सगळ्या रंगांत सापडत. एका खेपेत एवढे रंग कसे? काकांनी त्याचंही उत्तर काढलं होतं. तिसरी खेप टप्प्याटप्प्याने निघाली असावी, असं त्यांनी तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तज्ज्ञ माणसाला उत्तर सापडलं नाही असं कधी झालंय का?

काकांकडे एक्केचाळीस टिटव्या होत्या. चाळीस भिंतीवर, हात न लावलेल्या. एक्केचाळिसावी खेळायची, तिसऱ्या खेपेची, एकुलती एक. बावीस वर्षं ती त्यांच्या हातून सुतासारखी सरळ जात होती. आणि आठ दिवसांपूर्वी अकराव्या टोपलीवर ती दिव्याच्या लोखंडी खांबावर आदळून कडेपासून बेंबीपर्यंत उभी चिरली. काकांनी ती रुमालात गुंडाळून घरी आणली. त्यांचा चेहरा बघून काकूंनी घाबरून विचारलं होतं, "अहो, कोण गेलं?"

दुसरा एखादा आठवडा असता तर काकांनी दुःख गिळलं असतं. पण येत्या रविवारी जोड्यांची स्पर्धा होती. काका आणि त्यांची लेक गेली सहा वर्षं त्या स्पर्धेत दुसरे येत होते. सहाच्या सहा वर्षं फिरती ढाल बेकरीवाल्या भावांनी नेली आणि बिस्किटांच्या बरण्यांमध्ये मांडली. लेक गुराढोरांची डॉक्टर. तिला दूरच्या शहरात घोड्यांच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, लग्न झालं की दोघं तिकडे जाणार होती. म्हणजे ह्या रविवारी बापलेकीने जिंकलं तर जिंकलं. नंतर ढाल कोणाला हवी होती? लेकीबरोबर जिंकायची राहिली, ही रुखरुख मात्र काकांना जन्मभर पुरली असती.

आणि इथे, होणाऱ्या विहीणबाईंच्या गॅलरीत, झाडाला पाणी घातलं की एक टिटवी भिजत होती.

"मी जरा झाडं बघून येतो," काका उठत म्हणाले.

"तुम्हाला झाडं कधीपासून आवडायला लागली?" काकूंनी विचारलं. पण काका गॅलरीत पोहोचलेसुद्धा होते.

रीतसर विचारता आलं असतं. पण पहिल्याच भेटीत लोकांच्या कुंडीखालची बशी मागायची कशी? काकांनी ठरवलं, नुसतं बघायचं. त्यांनी डाव्या हाताने कुंडी तिरकी केली आणि उजवा हात खाली सरकवून बोटांनी चकतीचं पोट चाचपलं. बेंबी लागली. वर आलेली! पहिली खेप! आनंदाच्या भरात त्यांनी कुंडी आणखी कलती केली आणि ओंजळभर ओली माती त्यांच्या बाहीत शिरली.

"काही हरवलंय का?" मागून आवाज आला. दारात विहीणबाई उभ्या होत्या.

कोपरापर्यंत मातीत गेलेल्या माणसाला प्रतिष्ठा सांभाळणं अवघड असतं. काकांनी सरळ कबूल केलं. "माफ करा विहीणबाई. ही... ही टिटवी आहे."

"हो, टिटवीच आहे." त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी अलगद उचलून बाजूला ठेवली. "घ्या, बघा नीट. तुम्ही मघापासून कुंडीकडे असे बघत होतात, की मला वाटलं झाडाला कीड लागलीय."

काकांनी खिशातून भिंग काढलं. भिंग आणि पोलादी पट्टी त्यांच्या खिशात लग्नाची बोलणी करतानाही होतीच. बेंबी पाहिली, कड पाहिली, माती पुसून पाठीवर पट्टी ठेवली. आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्टीखालून उजेड येत नव्हता. बेंबी पहिल्या खेपेची आणि पाठ तिसऱ्या खेपेची! असं होऊच शकत नव्हतं. तक्त्यात त्याला घरच नव्हतं.

"कुंडीच्या वजनाने दबली असणार," ते स्वतःशीच बोलले.

"छे हो, आणली तेव्हाच सपाट होती," विहीणबाई म्हणाल्या. "म्हणून तर आणली. फुगीर असती तर कुंडी डुगडुगली नसती का? चांगल्या तीन-चारशे चकत्यांमधून निवडून आणलीय."

"कुठून?"

"कारखान्यातून. लग्नाआधी सहा वर्षं मी तिथल्या पॅकिंगच्या टेबलावर होते."

काका कुंडीशेजारच्या स्टुलावर बसले. तक्ता करताना त्यांनी कारखान्याचा फोरमन गाठला होता, साच्याचा फिटर गाठला होता, मालकाच्या पुतण्याला दोनदा जेवू घातलं होतं. पॅकिंगच्या टेबलावर सात बायका बसत होत्या, त्यांच्यापैकी एकीला काही विचारावं हे बावीस वर्षांत त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तुम्हाला तिसरी खेप आठवत असेल," ते आशेने म्हणाले. "सपाट पाठीची."

"खेप कसली? सपाट रोजच निघायच्या. चहाच्या सुट्टीत."

"काय?"

"अहो, मशीनमधून चकती निघाली की गरम असायची. मशीनवाला ती आमच्या टेबलावर एकीवर एक रचायचा. वीस झाल्या की आम्ही उचलून फळीवर मोकळ्या पसरायचो, गार व्हायला. पण चहाची सुट्टी झाली की आम्ही साती जणी मागच्या मैदानात. मशीन कुठे चहा पितंय? ते चालूच. मशीनवाला रचतच राहायचा. आम्ही येईपर्यंत पाऊणशेची चळत. मग तळातल्या चार-पाच गरमागरम असतानाच दबून सपाट व्हायच्या. फोरमन ओरडायचा, पण त्यालाही आमच्याबरोबर चहा हवा असायचाच."

चहामागे चार-पाच. काकांच्या तक्त्यातही त्या तशाच विखुरलेल्या होत्या. सगळ्या रंगांत, सगळ्या वर्षांत, शेकड्याला एखादीच. पाठ सपाट दिसली की काका बेंबी बघायचेच नाहीत, नाहीतर उंच बेंबीची सपाट, तासलेल्या बेंबीची सपाट, रेघवाली सपाट, सगळ्या आधीच सापडल्या असत्या. सगळं चोख जुळत होतं. फक्त खेप कुठे नव्हती.

तोवर घरातली बाकीची मंडळी गॅलरीच्या दारात जमली होती. पहिली फुटली ती लेक. तिने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. मग जावई, मग व्याही.

"म्हणजे," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बावीस वर्षं ह्यांनी काच लावून ठेवलंय ते सात बायकांच्या चहाचं वेळापत्रक!"

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. गिऱ्हाईक आलं, "काका, ही कितवी?" म्हणालं, तर काकांनी "नंतर या," सांगितलं. तक्त्याकडे पाठ करून बसले. खोटं कशाला बोला, त्यांना फार लागलं होतं. गावात दुसऱ्या कशातही आपला शब्द शेवटचा नाही, इथे होता, आणि तोही चहात बुडाला.

पण कारागीर माणूस किती दिवस रुसणार? मंगळवारी दुपारी कानशीने किल्ली घासताघासता त्यांचा हात थांबला. गरम असताना दाबली की तिसरी खेप होते! मग ती आपल्याला करता येईल की!

त्यांनी भिंतीवरची एक पाचव्या खेपेची टिटवी काढली. बावीस वर्षांत भिंतीवरून चकती उतरण्याची ही पहिलीच वेळ. बादलीत कढत पाणी ओतलं, चकती त्यात बुडवली, मऊ झाल्यावर फरशीवर उताणी न ठेवता पालथी ठेवली, वर लाकडी फळी आणि फळीवर जुन्या तिजोरीचं दार. तिजोरीचं दार एकट्याला उचलेना, शेजारच्या शिंप्याला बोलवावं लागलं. बुधवारी संध्याकाळी पट्टी ठेवून पाहिली. उजेड शून्य. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा शीळ घातली.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधी ते एकटेच बागेत गेले. अठराव्या टोपलीसमोर उभे राहिले. ही शेवटची टोपली तळ्यापलीकडे होती, पाण्यावरून फेकायची. सरावाला मात्र त्यांनी पाण्याकडे पाठ करून मोकळ्या गवतावर फेकलं. टिटवी सुटली, वीस पावलं सरळ गेली आणि डावीकडे वळून झुडपात शिरली. दुसरी फेक, तसंच. पाय बदलून पाहिले, पकड बदलली, वाऱ्याला नावं ठेवली. दहा वेळा फेकली आणि दहाही वेळा ते झुडपात वाकून, काटे खाऊन परत आले.

"त्या झुडपाने तुमचं काय घोडं मारलंय?" वाटेवरून आवाज आला. पायांत कॅनव्हासचे बूट घालून विहीणबाई सकाळच्या फेरीला निघाल्या होत्या.

काकांनी त्यांना तिजोरीच्या दाराची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग हात पुढे केला. "बघू?"

त्यांनी टिटवी हातात घेतली, वजन जोखलं, आणि खिडकीतून शेजारणीला हाक मारावी इतक्या सहज फेकली. फार लांब गेली नाही. पण गेली ती सरळ. झुडपाकडे ढुंकूनही न बघता, गवतावर अलगद टेकली.

काका बघतच राहिले. "तुम्ही... कुठे शिकलात?"

"सांगितलं ना, चहाच्या सुट्टीत आम्ही मागच्या मैदानात असायचो. चहाला पाच मिनिटं लागतात. उरलेली दहा मिनिटं काय करणार? फेकत बसायचो."

"आत्ता वारा पडला म्हणून," काका म्हणाले.

"वारा दोघांना सारखाच होता," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त टोचलं. त्या जरा थांबल्या. "उजवा खांदा दुखतो का हो?"

नाही म्हणायला काकांनी तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं, दुकानातली वरच्या फळीवरची कुलुपं त्यांनी दोन वर्षांपूर्वी खालच्या फळीवर आणली होती. गिऱ्हाइकांना दिसावीत म्हणून, असं ते सगळ्यांना सांगत. शर्ट घालताना आधी उजवा हात घालायला लागले होते. आणि ती जुनी, झाडांवर आपटून आपटून मवाळ झालेली टिटवी हळू फेकली तरी सरळ जायची. खोड चकतीत नव्हती. चकती त्यांची लाज राखत होती, इतकंच.

"दुखतो," ते म्हणाले. हा शब्द उच्चारायला त्यांना तीन वर्षं लागली होती.

"लेकीला सांगितलंय?"

"नाही."

"मग सांगा," विहीणबाई म्हणाल्या आणि फेरीला निघून गेल्या.

रविवारी ऊन छान पडलं होतं. बागेत शंभर-दीडशे माणसं जमली होती. व्याही छत्री घेऊन आले होते, काकूंनी केळी आणली होती, बेकरीवाले भाऊ एकसारख्या टोप्या घालून आले होते आणि ढाल पुसून आणली होती. ती परत द्यायची आहे असं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

स्पर्धेचा नियम असा, की जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने फेकायचं. विषम टोपल्यांवर पहिली फेक एकाची, सम टोपल्यांवर दुसऱ्याची. हे आधीच लिहून द्यायचं, मग बदल नाही. विषम टोपल्या जवळच्या. तिथे लेक पहिली फेक टोपलीच्या पायाशी नेऊन टाकायची आणि काकांनी नुसती आत सोडायची. सम टोपल्या लांबच्या, त्यात ती अठरावी, तळ्यावरची. सम नेहमी काकांच्या. सहा वर्षं हेच चालत आलं होतं, त्यावर कधी चर्चासुद्धा झाली नव्हती.

लेक कागदावर नेहमीसारखं लिहायला लागली, तेव्हा काकांनी तिचा हात धरला.

"बबडे, सम तू घे."

तिने वर पाहिलं. "तळंसुद्धा?"

"तळंसुद्धा. माझा खांदा गेलाय गं. चकतीचा दोष नव्हता. मी उगाच खेपा शोधत बसलो."

लेकीने त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मी दिवसभर बैलांचे खांदे बघते. तुमचा मला तीन वर्षांपासून दिसतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"बैल चावत नाही, तुम्ही चावता," असं म्हणून तिने कागदावर खोडून सम आपल्याकडे घेतल्या. तिचे डोळे भरले होते, म्हणून ती उगाचच खूप जोरात खोडत होती. काकांना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. पण मागे रांग होती, त्यांनी नुसती तिच्या डोक्यावर टपली मारली.

मग खेळ असा रंगला, की व्याही छत्री उघडायची विसरले. लेकीच्या हातात केवढी ताकद होती, हे काकांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या टोपलीवर, चौथीवर, आठवीवर तिने ती दाबून सपाट केलेली टिटवी अशी पाठवली, की बेकरीवाल्या थोरल्याने टोपी काढली. ही एवढी लांब फेकते, आणि आपण तिला इतकी वर्षं जवळच्या टोपल्यांवर बसवून ठेवली! काकांना शरम वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. दोन्ही एकदम वाटत असल्यामुळे ते तेराव्या टोपलीवर चुकून बेकरीवाल्यांचीच चकती उचलून चालायला लागले.

सतराव्या टोपलीनंतर दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या. अठरावीवर बेकरीवाल्या धाकट्याची चकती पलीकडच्या काठच्या चिखलात रुतली, आणि त्यांना तीन फेकी लागल्या. आता बापलेकीने दोन फेकींत संपवलं की ढाल त्यांची. तीन लागल्या तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर ढाल आधीच्यांकडेच राहायची, असा क्लबाचा जुना नियम.

लेक काठावर उभी राहिली. तिने दम घेतला आणि टिटवी सोडली. पाण्यावरून, बदकांच्या डोक्यांवरून ती गेली, आणि पलीकडे टोपलीपासून आठ पावलांवर टेकली. टाळ्यांनी बाग दणाणली. काकू तर केळ्यांसकट उभ्या राहिल्या.

तळ्याला वळसा घालून सगळे पलीकडे गेले. आता काकांची पाळी. आठ पावलं. खांद्याचं काही कामच नव्हतं त्यात, नुसतं मनगट. पण आठ पावलांवरून ढाल लागून राहिलीय, अशी फेक त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांच्या वाट्याला नेहमी लांबची शान यायची. जवळची जबाबदारी लेकीची. त्यांनी हात पँटला पुसला. फेकली.

टिटवी साखळ्यांवर बरोबर मधोमध बसली. साखळ्या खणखणल्या. लोकांनी "आलीऽऽ" म्हणून आरोळी दिली. आणि टिटवी खांबावर आपटून, विचार बदलल्यासारखी, टोपलीच्या काठावरून बाहेर पडली आणि गवतावर फिरत फिरत आडवी झाली.

लेकीने जाऊन ती उचलून टोपलीत टाकली. तीन. बरोबरी. बेकरीवाल्या भावांनी एकमेकांना मिठी मारली.

काका जागचे हलले नाहीत. शेवटची संधी होती, आठ पावलांवर होती आणि ती त्यांनीच घालवली होती. लेक टोपलीपासून त्यांच्याकडे येत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"चुकलो गं," ते म्हणाले. "तू एवढी चांगली..."

"बरोबरी!" ती कडाडली. "हरलो असतो तर एक वेळ चाललं असतं! पण बरोबरीत ढाल गेली? आणि मी हे असं सोडून जाऊ? अजिबात नाही. पुढच्या वर्षी मी आठ दिवस आधी येणार. सम माझ्याकडेच. आणि तुम्ही आजपासून रोज सकाळी आठ पावलांवरून शंभर फेकायच्या. मोजून. आई, तू लक्ष ठेव. पुढच्या वर्षी नाही जमलं तर त्याच्या पुढच्या वर्षी. ढाल घरात येईपर्यंत मी दर वर्षी येणार!"

होणारा जावई मागून हळूच म्हणाला, "मी रजा आत्ताच टाकून ठेवतो."

काका तिच्याकडे बघत राहिले. ही शेवटची वेळ, शेवटची वेळ, असं गेले कित्येक आठवडे त्यांच्या मनात चाललं होतं. ढाल मिळाली असती तर ती खरंच शेवटची झाली असती. बेकरीच्या बरण्यांमधून ढाल त्यांच्या दुकानात आली असती आणि लेक समाधानाने शहरात गेली असती. त्यांना एकाएकी इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

विहीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा. मुद्दाम चुकवलीत ना?"

"नाही हो, शपथेवर," काका म्हणाले. "जीव ओतून फेकली होती. आठ पावलांवरून मला जमतच नाही."

"मग बरंय," विहीणबाई म्हणाल्या. "एक-दोन वर्षांत शिकू नका म्हणजे झालं."